चूक मागून घेणारा माणूस

मी अर्जनवीस आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले. परंतु तालुक्याच्या कचेरीसमोर लिंबाखाली टेबल मांडून बसल्याला मला सत्तावीस वर्षे होत आली, आणि माझ्या हातचा अर्ज साहेबाच्या मेजावर गेला की तो कोणाच्या हातचा हे विचारावे लागत नाही, हे नम्रपणे नमूद करतो. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसणारा प्रत्येक मनुष्य एकच गोष्ट लिहून मागतो. चूक समोरच्याची आहे. भाऊ भावाविरुद्ध, सून सासऱ्याविरुद्ध, शेताच्या धुऱ्याला धुरा लागून असलेले शेजारी एकमेकांविरुद्ध. चूक माझी आहे असे लिहा म्हणत स्वतःच्या पायांनी आलेला मनुष्य मी या सत्तावीस वर्षांत एकच पाहिला. तो पुंडलिक. गेल्या श्रावणात तो सोनाळ्याकडे, बायकोच्या माहेरी वारला. त्याच्यावर कोणी चार ओळी लिहाव्यात असे त्याच्या आयुष्यात विशेष काही घडले नाही. जे एक घडले त्यात माझी लेखणी गुंतलेली होती. सबब हे लिहिणे मला प्राप्त आहे.

धामणगाव बढ्याच्या बाजाराला पायी जाऊन येता येईल इतक्या अंतरावर आमचे गाव. तेथे नळाला पाचव्या दिवशी पाणी येते, आणि कोणत्या आळीला कधी सोडायचे ते पाहणारा जो पंचायतीचा माणूस, त्याला गाव वालमन म्हणते. पुंडलिक आमचा वालमन. खांद्यावर वाल फिरवायची लांब लोखंडी चावी, अंगात बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला सदरा, आणि चालताना डावा खांदा किंचित वर. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नसे. म्हणून कोणी बोलू लागले की तो उजवी बाजू पुढे करी, आणि पाहणाऱ्याला वाटे की हा आता निघून जातो आहे.

कोणी त्याच्याजवळ सहज हात वर केला, डोके खाजवायला का असेना, तर पुंडलिकचे कोपर आपोआप चेहऱ्यासमोर येई. ते त्याला स्वतःला कळत नसे. रागावलेल्या माणसासमोर उभे राहण्याआधी तो डोक्यावरची टोपी काढून खिशात ठेवी. मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाला, "पडते ना भाऊ. मातीत पडली की धुवा लागते." पन्नाशीला आलेल्या माणसाच्या डोक्यावरची टोपी कोण पाडणार होते, हा विचार त्याला कधी सुचला नाही.

त्याला काही विचारले, की तो विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाही आणि त्या चेहऱ्याला जे उत्तर हवे असेल ते देई. बहुधा ते एकच असे. "माह्याकून झालं असन."

गावाने याची थट्टा केली नसती तरच नवल. एसटी उशिरा आली की थांब्यावरची पोरे ओरडत, "पुंडलिकभाऊ, गाडी काऊन नाही आली हो?"

"चुकलं बापा," पुंडलिक म्हणे.

"अन् पाऊस काऊन दडी मारून राह्यला?"

"तेही चुकलंच."

सगळे हसत, तोही हसे. एका लग्नात ऐन मंगलाष्टकांना जनरेटर बंद पडला. नवरदेवाचा मामा अंधाऱ्या मांडवात गरजला, "कोनं केलं हे?" पुंडलिक पत्रावळींचा गठ्ठा छातीशी धरून पन्नास हात दूर उभा होता. तेथूनच म्हणाला, "माह्याकून झालं असन, मामा." मामाने त्याला वऱ्हाडासमोर हवे तसे झोडपले, अर्थात तोंडाने. नंतर कळले की जनरेटरमध्ये डिझेलच नव्हते. ते सांगायला पुंडलिककडे कोणीही गेले नाही.

आता मूळ सांगणे भाग आहे. त्याचे वडील तुळशीरामबुवा यांचा भाजीपाल्याचा मळा आमच्या घरामागेच होता. वांगी, मिरची, कांदा. तुळशीरामबुवा दुष्ट नव्हते. एकादशी मोडत नसत, आणि बैलावर त्यांनी कधी चाबूक उगारल्याचे कोणी पाहिले नाही. मुलाला मात्र ते मारत. गावात त्याबद्दल त्यांना मानच होता. माझे वडील मला म्हणत, "पाय बे, तुळशीरामचं पोरगं कसं सुतासारखं सरळ हाय." त्यांची रीत अशी की मारायची काडी मुलानेच आणायची. कुडाशी कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या रचलेल्या असत. पुंडलिकने तेथे जाऊन एक निवडायची, साफ करायची आणि बापाच्या हातात द्यायची.

आम्ही दोघे तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. एके दुपारी मी एकटाच त्यांच्या मळ्यात शिरलो आणि पाटाच्या पाण्यात पळसाच्या पानाची होडी सोडायच्या नादात पाटाचा काठ फोडला. पाणी सुटले आणि कांद्याचे सगळे रोप वाहून गेले. मी बोरीमागे लपलो. पुंडलिक त्या वेळी गिरणीवर गेलेला. तो डोक्यावर पिठाचा डबा घेऊन आला. बापाने फक्त विचारले, "कोनं फोडलं पानी?"

पुंडलिकने एकदा बापाच्या तोंडाकडे पाहिले, डबा सावकाश खाली ठेवला, हाताचे पीठ चड्डीला पुसले आणि कुडाकडे काडी आणायला गेला. त्याला कोणी जा म्हटले नव्हते.

संध्याकाळी मी विचारले, "तू त गिरनीवर होता ना बे?"

"हाव. पन नाही म्हटलं की खोटं बोलतो म्हनून जास्त बसते. हो म्हटलं की दहात भागते." मग बियाण्याची पारख सांगावी तशा शांतपणे त्याने मला काडीची पारख सांगितली. "बारीक आनली त मोडते. मोडली की दुसरी आना लागते, अन् मंग पयल्यापासून सुरू. लय जाड आनली त हाड दुखते. करंगळीएवढी बरी."

रोप मी वाहवले होते हे मी त्याला सांगितले नाही.

पुढे तुळशीरामबुवांना अर्धांगवायू झाला. तीन वर्षे ते खाटेवर होते, आणि पुंडलिकने त्यांचे सर्व काही केले. आंघोळ, जेवण, कपडे, सगळे. पाणी मागायला म्हातारा चांगला हात वर करी आणि प्रत्येक वेळी पुंडलिकचे डोळे मिटत. मी भेटायला गेलो असता म्हातारा मला वाकड्या झालेल्या जिभेने म्हणाला, "पाय, हे माह्या माराचं फळ. न मारता वाढोलेली पोरं पाय, अन् हे पाय."

"खरं हाय," पुंडलिक म्हणाला, आणि बापाच्या हनुवटीवरची लाळ पुसली. त्याला ते खरेच वाटत होते, हे मी त्याच्या चेहऱ्यावर वाचले.

असे असून त्याने स्वतःच्या मुलीला कधी बोटही लावले नाही. यामागे काही विचार होता, असे म्हणण्यास मजजवळ पुरावा नाही. त्याचा हात वर होतच नसे, एवढेच. मुलगी दुर्गा. ती सहा वर्षांची असता तिच्याकडून बकरीचे दावे सुटले आणि बकरीने शेजाऱ्यांची वांग्याची रोपे फस्त केली. पुंडलिकची बायको, आमच्या वहिनी, खराटा घेऊन धावल्या. पुंडलिक मध्ये आला.

"म्या सोडली बकरी."

"नाही माय," दुर्गा त्याच्या मागून डोके काढून म्हणाली, "म्या सोडली. बाबा खोटं बोलून राह्यले."

वहिनींच्या हातून खराटा गळाला आणि त्या ओट्यावर बसून हसू लागल्या. "घ्या! बाप चूक मागून घेते, पोरगी वापस घेते. कोनाले मारू आता म्या?"

मी ओट्यावरच होतो. पुंडलिक हसत नव्हता. तो मुलीकडे अशा नजरेने पाहत होता, की जणू ती परमुलखातली भाषा बोलली होती.

आता मोटारीचे प्रकरण. ज्या विहिरीतून गावाला पाणी येते तिची मोटार ऐन उन्हाळ्यात जळाली. पाणी समितीच्या एका सदस्याच्या पुतण्याने स्वतःचे शेततळे भरण्यासाठी ती चालवली, विहिरीचा तळ लागला तरी बंद केली नाही, आणि कोरडी चालून ती जळाली. हे गावात सर्वांना ठाऊक होते. पुंडलिक त्या दिवशी सकाळपासून मलकापूरला होता. दुर्गाला कॉलेजात प्रवेश घ्यायचा होता. तो संध्याकाळच्या एसटीने परतला तेव्हा विहिरीपाशी गर्दी जमली होती, आणि तेच सदस्य मोठ्या आवाजात विचारत होते, "कोनं जाळली मोटर? बोला ना!"

हातात पिशवी, अंगावर प्रवासाची धूळ, अशा अवस्थेत पुंडलिक म्हणाला, "माह्याकून झालं असन."

तो एसटीतून उतरताना ज्यांनी पाहिले होते, तेही गप्प बसले. त्यांची सुटका झाली होती.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. "भाऊ, एक माफीनामा लिहून द्या. सदस्य म्हनतेत, लेखी पाह्यजे."

"तुझ्या हातून जळाली?"

त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. माझ्या चेहऱ्यावर काय होते ते मला ठाऊक नाही. बहुधा घाई होती. "तसंच लिहा," तो म्हणाला.

आमच्या धंद्यात सांगणाऱ्याची उलटतपासणी करीत नाहीत. नाव, गाव, अर्ज कोणाला, एवढेच विचारतात. मी लिहिले, आणि माझ्या प्रत्येक माफीनाम्यात असते ते वाक्य यातही घातले: "यापूर्वीही माझ्या हातून वेळोवेळी चुका घडलेल्या असून त्या आपण थोर अंतःकरणाने पोटात घातलेल्या आहेत." हे वाक्य माझ्या स्वतःच्या बुद्धीतून आलेले आहे, आणि त्याने भल्याभल्यांचे मन द्रवलेले मी पाहिले आहे. मी सबंध कागद त्याला वाचून दाखवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"लय सुंदर लिहिलं भाऊ. लहानपनी मले असं म्हनता आलं असतं त लय वाचलो असतो."

पंचायतीच्या सभेत तो कागद वाचला गेला. कोणाचे मन द्रवले नाही. माझ्या वाक्याखाली रेघ मारली गेली. इसम स्वतःच कबूल करतो की त्याचा हलगर्जीपणा नेहमीचा आहे, असे ठरले, आणि चोवीस वर्षांची नोकरी गेली. लोखंडी चावी त्याने स्वतः नेऊन दिली. ती देताना पुसून दिली म्हणतात.

चार दिवसांनी दुर्गा माझ्या टेबलाशी आली. ती स्टुलावर बसली नाही.

"काका, त्या दिवशी बाबा माह्यासंग मलकापूरले होते. माह्या फारमवर पालक म्हनून त्यायची सही हाय, कालेजाचा शिक्का हाय, तारीख हाय. अन् तुमी काय लिहून देलं हे?"

"त्याने सांगितले ते लिहिले, बाई."

"यापूर्वीच्या चुका त्यायनं सांगितल्या तुमाले? कोन्त्या?"

तिने आवाज चढवला नव्हता. "तुमी माह्या बाबाले लहानपनापासून ओयखता, काका. एकडाव तरी इचाराचं होतं ना, की खरंच केलं काय."

मी तेथेच कोरा कागद ओढला आणि माझ्याच हातच्या माफीनाम्याविरुद्ध तालुक्याच्या साहेबांना अर्ज लिहिला. तसा अर्ज मी आधी लिहिला नव्हता आणि पुढे माझ्याकडून लिहिला जाईल असे वाटत नाही. आठवडाभरात चौकशी लागली.

साहेब तरुण होते, बोलणे मऊ. पंचायतीच्या खोलीत एका बाजूला सदस्य आणि त्यांची माणसे, दुसऱ्या बाजूला पुंडलिक आणि दुर्गा, भिंतीशी मी. साहेबांनी दुर्गाचा कागद दोनदा वाचला आणि चेहरा उजळून म्हणाले, "अहो, मग तुम्ही त्या दिवशी गावातच नव्हता!"

"नव्हतो साहेब."

"मग मोटार तुमच्या हातून जळाली नाही. एवढंच स्वतःच्या तोंडाने सांगा. मी लिहून घेतो."

खोलीत उकडत होते. सदस्य उठले आणि पंख्याचे बटण दाबायला त्यांनी हात वर केला. त्यांच्या मनात काही होते असा आरोप मी करणार नाही. पुंडलिकचे कोपर चेहऱ्यासमोर आले. टोपी तर त्याने दारातच खिशात घातली होती.

"माह्याकूनच झालं साहेब. चावी माह्याजोळ राह्यते."

"बाबा!" दुर्गा म्हणाली.

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. मग माफीनामा उचलून माझे वाक्य मोठ्याने वाचले. दुसऱ्याच्या तोंडून ते मी प्रथमच ऐकत होतो. "या कोणत्या चुका? एखादी तरी सांगा."

पुंडलिक आठवू लागला. चोवीस वर्षे त्याने गावाला पाणी सोडले होते. एकाही आळीची पाळी कधी चुकवली नव्हती. त्याला काही सापडेना, आणि सापडत नाही म्हणून तो घामाघूम झाला. शेवटी म्हणाला, "कांद्याचं रोप वाह्यलं होतं एकडाव. पाटाचं पानी फोडलं होतं म्या."

"केव्हा?"

"लहान होतो साहेब."

सदस्यांच्या बाजूला हशा पिकला. साहेब हसले नाहीत. त्यांनी आठ दिवसांनंतरची तारीख दिली आणि म्हणाले, "तालुक्याला या. घरून विचार करून या. एक वाक्य बोलायचं आहे, बस." मी भिंतीशी उभा होतो आणि त्याही वेळी बोललो नाही.

बाहेर आल्यावर मात्र मी त्याला बाजूला घेतले. "पुंडलिक, ते रोप मी वाहवलं होतं. तू गिरणीवर होता."

त्याने उजवा कान पुढे केला. मी पुन्हा सांगितले. तो समजुतीच्या स्वरात म्हणाला, "नाही भाऊ. म्याच फोडलं. मले आठोते ना. हातात चिखल होता माह्या."

त्याच्या हाताला पीठ होते. मी बोरीमागून पाहिले होते. परंतु इतक्या वर्षांत त्याच्यापुरता तो चिखल झाला होता, आणि तो पुसून काढणे माझ्या लेखणीच्या आवाक्यातले नव्हते. त्या दिवशी घरी गेल्यावर माझ्या थोरल्या मुलाला, जो आता स्वतः दोन लेकरांचा बाप आहे, मी विचारले की लहानपणी माझ्या हातून तुला विनाकारण मार बसला होता काय. तो म्हणाला, "जाऊ द्या ना आता." पुढे विचारण्याचे मला धैर्य झाले नाही.

तारखेच्या दिवशी सकाळी मी कागदांची पिशवी घेऊन एसटीच्या थांब्यावर गेलो. दोघे आधीच आले होते. दुर्गाने आठ दिवस त्याच्याकडून ते वाक्य घोकून घेतले होते, वहिनींनी मला सांगितले होते. चुलीपाशी, मळ्यात, जेवताना. भिंतीकडे तोंड करून उभे केले की तो ते म्हणे. कोणी समोर आले की बंद.

"बाबा, अजून एकडाव. काकायकडे पाहून म्हना. म्या मोटर जाळली नाही."

पुंडलिकने माझ्याकडे पाहिले. मी चेहरा शक्य तितका सौम्य केला. त्याचे ओठ हलले. "म्या मोटर..." तो म्हणाला. एखाद्याने अंगापेक्षा मोठे ओझे उचलावे तसा तो त्या पुढच्या दोन शब्दांशी झटत होता. मग त्याने श्वास सोडला.

"तू म्हन ना बाई," तो दुर्गाला म्हणाला. "तुले येते."

"माह्या म्हनन्यानं नाही चालत, बाबा. सही तुमची हाय."

"तरी तू म्हन. म्या आयकतो."

एसटी आली. दुर्गा पायरीवर चढली आणि तिने त्याला हात दिला. पुंडलिकने तिची पिशवी तिच्या हातात दिली, आणि तो दोन पावले मागे सरला. कंडक्टरने विचारले, "किती?" तिने बापाकडे पाहिले. नंतर माझ्या हातातले कागद घेतले आणि म्हणाली, "एक." मला तिने मोजले नव्हते, आणि मीही चढलो नाही.

ती साहेबांसमोर एकटी उभी राहिली, आणि सर्व काही व्यवस्थित, न अडखळता बोलली, असे मागाहून कळले. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. परंतु ज्याने कबूल केले त्यालाच नाकारावे लागते. निकाल बदलला नाही, आणि तो बदलणार नाही हे मला त्या थांब्यावरच समजले होते. पुंडलिकला समजले होते की नाही, सांगता येत नाही. महिनाभरात ते कुटुंब सोनाळ्याकडे संत्र्याच्या बागेत राखणीला गेले, आणि माझी त्याची पुन्हा भेट झाली नाही.

त्या सकाळी एसटी नदीच्या वळणापर्यंत दिसत होती. खिडकीत दुर्गा ताठ बसलेली होती, कागद छातीशी धरून. पुंडलिक ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हते. नवल होते, आणि मी चुकत नसेन तर, थोडा अभिमान.

"एवढं धडाधड बोलाले तिले कोनं शिकोलं असन, भाऊ?" त्याने मला विचारले.

मी शब्द जुळवू लागलो. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी शब्द जुळवले, पण त्या क्षणी मला उशीर झाला. त्याने स्वतःच उत्तर शोधले.

"कालेजात शिकोत असतीन," तो म्हणाला, आणि मान हलवत मळ्याच्या वाटेला लागला.